मोठ्यानं विचारायचा प्रश्न

आमच्या बेन कुणालाही ‘कशी आहेस’ किंवा ‘काय चाललंय’ असं विचारत नसत. त्या विचारत, “झोप लागते का?”

फाटकावरच्या वॉचमनला, कँटीनच्या आचारी महाराजाला, प्रिन्सिपॉल सरांना, रिक्षावाल्याला, सगळ्यांना हाच प्रश्न. एकदा आमच्याच एका मैत्रिणीच्या लग्नात त्या स्टेजवर गेल्या, नवरदेवाच्या हातात पाकीट ठेवलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “झोप लागते का?” नवरदेव लाजून लाल झाला. त्याचे मित्र खो-खो हसायला लागले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते बेनना शेवटपर्यंत कळलं नाही. खाली उतरून मला म्हणाल्या, “काऊन हसले वं ते? त्याचे डोळे नाही पाहिले कोणी? चार दिवस डोळ्याला डोळा नसंल लागला त्या पोराचा.”

सुरतेत कुठल्याही बाईला बेन म्हणतात. पण आमच्या कॉलेजात नुसतं ‘बेन’ म्हटलं की ते या एकट्या बाईंबद्दलच असे. मूळच्या अमरावतीकडच्या. सुरतेत येऊन इतकी वर्षं झाली होती की गुजराती त्या गुजरात्यांसारखं बोलत. पण राग आला किंवा माया आली की वऱ्हाडी बाहेर पडायची, आणि त्या दोन्हीतलं नेमकं काय आलं आहे ते ओळखायला आम्हाला पहिलं वर्ष लागलं.

कॉलेज प्राथमिक शाळांचे शिक्षक तयार करायचं. मराठी शाळांसाठी आमची एक वेगळी तुकडी होती. उधना, भेस्तान, कोसाड अशा भागांतून येणारी आम्ही मुलं-मुली. कुणाचे वडील लूमवर, कुणाचे डाईंग मिलमध्ये, कुणाचे सेंटरिंगच्या कामावर. आम्हाला बेन मानसशास्त्र शिकवायच्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पुरुषी स्पोर्ट्स शूज. दुपारच्या सुट्टीत त्या फाटकाबाहेरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, लोचो खायच्या, तो डाळीचा वाफवलेला मऊसर सुरती पदार्थ. त्यावर हिरवी चटणी इतकी ओतायच्या की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, आणि तशाच रडत रडत आम्हाला पुढच्या पाठाबद्दल सूचना द्यायच्या. नवीन माणूस बघायचा आणि घाबरायचा.

त्यांचं आणि प्रिन्सिपॉल सरांचं पहिलं भांडण मी पाहिलं ते पोस्टरवरून. सरांनी सगळ्या जिन्यांवर सुविचार लावले होते. त्यातला एक होता, ‘सदा हसत राहा’. बेन तो फूटपट्टीनं खरवडत होत्या. सर धावत आले.

“बेन, अहो हे काय?”

“सर, ज्याला हसू येतं तो हे न वाचताच हसतो. ज्याला येत नाही त्यानं वाचून काय करायचं? त्याला वाटेल, आपल्याला एवढंसुद्धा जमत नाही.”

“पण विद्यार्थ्यांना प्रेरणा...”

“प्रेरणा तुम्ही दुसऱ्या भिंतीवर लावा. या जिन्यानं माझी पोरं रोज वर जातात.”

भिंतीवर पांढरा डाग राहिला. सरांनी त्यावर नंतर अग्निशामक यंत्र टांगलं.

वर्गात बेननी काही शब्दांना बंदी घातली होती. येडा, मेंटल, सायको, ड्रामा करतो, नाटकं करते, हे शब्द कुणी उच्चारले की त्या तास थांबवायच्या. रागवायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, “काय दिसलं?” आमच्या वर्गात संतोष नावाचा मुलगा होता, मूळचा परभणीकडचा, सगळ्यांत चेष्टेखोर. पहिल्या सराव पाठांनंतर तो म्हणाला, “बेन, माझ्या वर्गातली एक पोरगी फुल मेंटल आहे.”

“काय दिसलं?”

“मेंटलसारखं करती.”

“काय करते?”

“काय नाय, असंच. येड्यावानी.”

“संतोष, तू डोळे घरी ठेवून गेला होतास का? काय करते?”

संतोषनं बोटानं बाकावर एक रेघ ओढली. मग म्हणाला, “एकच ओळ लिहिती अन् खोडती. परत लिहिती, परत खोडती. कागद फाटस्तोवर. अन् मग रडती.”

“हां,” बेन म्हणाल्या. “आता बोललास. आता याच्या पुढं काही विचारता येतं. घरी कोण आहे, कधीपासून करते, कुणी मारतं का, दुसऱ्या तासाला पण असंच होतं का. ‘मेंटल’च्या पुढं काही विचारता येतं का?”

संतोषनं मान हलवली. वर्गात कुणी हसलं नाही.

सराव पाठाच्या वेळी त्या आमच्याकडे बघतच नसत. मागच्या बाकावर मुलांमध्ये जाऊन बसायच्या. मी माझा पहिला पाठ ‘पाण्याचे चक्र’ यावर घेतला होता. दोन दिवस खपून तक्ता केला होता, निळ्या जिलेटिन कागदाचा ढगसुद्धा केला होता. पाठ संपल्यावर मी कौतुकाची वाट बघत उभी होते. बेन म्हणाल्या, “खिडकीशी बसलेली, कानात लाल खडे असलेली मुलगी. पूर्ण तास डबा मांडीवर धरून बसली होती. दप्तरात ठेवत नव्हती. का?”

मला ती मुलगीच आठवेना.

“ढग छान होता,” बेन म्हणाल्या. “उद्या त्या मुलीशी बोल.”

पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात त्यांनी एक तास असा घेतला की त्याची चर्चा स्टाफरूममध्ये बरेच दिवस चालली. त्या आल्या, दार उघडंच ठेवलं आणि म्हणाल्या, “आज एक प्रश्न विचारायला शिकायचा. ‘तुला मरावंसं वाटतं का?’ म्हणा.”

सगळे आपापल्या वह्यांत बघायला लागले.

“म्हणा.”

मागून कुणीतरी पुटपुटलं आणि सगळा वर्ग फिस्सकन हसला. बेन वाट बघत उभ्या. हसू ओसरलं की पुन्हा, “म्हणा.” पुन्हा हसू. माझ्या शेजारी रूपाली बसायची. तिचं लग्न झालेलं होतं आणि त्या दिवसांत ती पोटुशी होती. तिला हसू आवरेना आणि हसताना पोटाला हात धरून ती मला म्हणत होती, “बाई गं, पुरे, इथंच बाळंत व्हायची मी.”

संतोषनं हात वर केला. “बेन, असं डायरेक विचारलं तर डोक्यात नसलेलं भरंल की.”

“नाही भरत,” बेन म्हणाल्या. “ज्याच्या डोक्यात नाही तो म्हणेल, ‘छे, काहीतरीच काय.’ आणि ज्याच्या डोक्यात आहे त्याला पहिल्यांदा कळेल की हे कुणाशी तरी बोलता येतं. लोक काय विचारतात? ‘तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ हा प्रश्न नाही. हे ‘नाही म्हण’ असं सांगणं आहे. समोरचा नाही म्हणतो आणि आपण सुटतो.”

“आणि तो हो म्हणाला तर?” मी विचारलं.

“तर तिथून उठायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. भाषण द्यायचं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. आणि सगळं एकट्यानं अंगावर घ्यायचं नाही, मोठ्या माणसाला बोलवायचं, डॉक्टरकडे न्यायचं. तुम्ही मास्तर होणार आहात, डॉक्टर नाही. पण पोरगं दिवसभर डॉक्टरसमोर नसतं, तुमच्यासमोर असतं.” मग त्यांनी टेबलावर थाप मारली. “चला. जोड्या करा. एकमेकांना विचारा. हसू संपेपर्यंत.”

हसू खरंच संपलं. कधी ते कळलं नाही. रूपालीनं मला विचारलं, मी तिला विचारलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी आमचे आवाज साधे झाले. शेवटी बेननी सगळ्या वर्गाला एकदम म्हणायला लावलं. नेमके त्याच वेळी प्रिन्सिपॉल सर बाहेरून चाललेले. अख्खा वर्ग एका सुरात ‘तुला मरावंसं वाटतं का’ असं विचारतो आहे हे ऐकून ते दारातच खिळले.

“बेन, ही कसली प्रार्थना?”

“पाढे आहेत, सर. पाठ नसले तर वेळेला आठवत नाहीत.”

दुसऱ्या वर्षी रूपाली बाळंतपणाची सुट्टी संपवून परत आली. मुलगी झाली होती, तिचं नाव परी. पहिले काही दिवस रूपाली वर्गात आली, मागे बसली, कुणाशी बोलली नाही. डबा आणायची नाही. मग यायचीच बंद झाली. तिच्या पाठांचं वेळापत्रक माझ्याकडे होतं, ते द्यायला मी एका दुपारी उधन्याला तिच्या घरी गेले. उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत, नुकतीच झाली होती. तारांवर फाटके पतंग लटकत होते आणि खालच्या मजल्यावर लूमचा खडखडाट चालू होता.

गॅलरीत तिची सासू वालपापडी सोलत बसली होती. धुळ्याकडची बाई. तिला सगळी गल्ली जिजी म्हणायची. मला बघून तिनं आतल्या बाजूला मान केली. “जाय, मझार. बोलस का तुन्हासंगे, देख.”

आत झोळीत परी रडत होती. रूपाली झोळीपासून हातभर अंतरावर बसली होती, पण हात पुढे जात नव्हता. ब्लाऊज दुधानं भिजलेला. केस कितीतरी दिवस विंचरलेले नव्हते. माझ्या तोंडावर आलंच होतं, ‘अगं, इतकी गोड मुलगी आहे, असं काय करतेस?’ ते मी गिळलं. मी परीला उचललं, जिजीकडे दिलं, परत आले आणि रूपालीच्या शेजारी भिंतीला टेकून बसले.

“रूपाली, तू जेवत नाहीस. तुझा हात झोळीला जात नाही. तू माझ्याकडे बघत पण नाहीस,” मी म्हटलं. मग म्हटलं, “तुला मरावंसं वाटतं का?”

ती हसली नाही. लूमचा आवाज चालू होता.

“रोज,” ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, “परीला माझ्यापेक्षा कुणीपण बरी आई मिळेल.”

बेननी काय काय सांगितलं होतं त्यातलं मला एकच आठवलं, उठायचं नाही. मी बसून राहिले. तिचा हात धरला आणि तिच्यासमोरच बेनना फोन लावला. “रूपाली, मी बेनना सांगते आहे. तुला चालो न चालो.” तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

बेन स्कूटीवरून आल्या. हेल्मेट काढायचं विसरून तशाच आत आल्या आणि रूपालीच्या समोर खाली बसल्या. त्यांनी तिला तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग आणखी विचारले, जे मला सुचले नसते. आज वाटतंय का? काही ठरवलंयस का?

“ठरवलं नाही, बेन. पण नकोसं झालंय. सगळे म्हणतात मुलगी झाली म्हणून मी तोंड पाडलंय. तसं नाहीये हो.”

“मले माहीत आहे तसं नाही,” बेन म्हणाल्या. “हा आजार आहे. याला डॉक्टर आहे. आत्ता जाऊ.”

जिजी दारात उभी राहिली. परी तिच्या खांद्यावर. “डॉक्टर कसाले? तिले बाहेरनं शे, बेन. भगतकडे जानं पडी.”

मला वाटलं, आता बेन फटकारणार. पण त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं आणि सरळ विचारलं, “भगत कुठल्या वारी बसतो?”

“बेस्तरवारले.”

“गुरुवारी ना? आज सोमवार. गुरुवारी तुम्ही जा, माझी ना नाही. तोवर माझ्या डॉक्टरला दाखवून येऊ. तुम्ही पण चला. परीला घ्या. तुमच्याशिवाय मी हिला नेणार नाही.”

जिजीनं परीला माझ्या हातात दिलं. मग पापडीची परात उचलून आत ठेवली आणि पायात चपला घातल्या.

सरकारी दवाखान्याचं आवार केवढं मोठं. एका इमारतीतून दुसरीत, रक्त तपासायच्या खिडकीवरून, लिंबाच्या झाडाला वळसा घालून, एक जिना चढून. बेन सगळ्यांत पुढे. त्यांनी कुणाला रस्ता विचारला नाही. वर गेल्यावर एका सिस्टरनं त्यांच्याकडे बघून मान डोलावली. मला वाटलं, बेन नेहमी कुणाला ना कुणाला घेऊन येत असतील. रूपालीचा नवरा मिलमधून परस्पर तिथं आला, त्याच्या हातांना अजून रंग होता. तो बायकोच्या बाजूला बसला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. ती रूपालीशी खूप वेळ बोलली. मग जिजीला म्हणाली, “आजी, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं हे. हिचा दोष नाही, बाहेरचं काही नाही. गोळी देते. काही दिवस हिला एकटीला सोडायचं नाही. आणि रात्री बाळाला तुम्ही घ्या, हिला झोपू द्या.”

“दूध पाजता यी का?” जिजीनं विचारलं.

“येईल. तशीच गोळी देते आहे.”

गुरुवारी संध्याकाळी मी कॉलेजातून तडक उधन्याला गेले. मला भीती होती की भगतानं काही करून ठेवलं असेल. जिजी गॅलरीत परीला थोपटत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“गेली होतात भगताकडे?” मी हळूच विचारलं.

“गयथू. एकलीच. पोऱ्याले तिनाजोडे बसाडं. नारळ ठेई उनू.” मग दाराकडे बघून म्हणाली, “ती झोपेल शे. तिले कशी उठाडू?”

सगळं काही एका झटक्यात बरं झालं असं नाही. मध्ये एकदा गोळी बदलावी लागली. काही दिवस रूपाली वर्गात यायची आणि दुपारीच परत जायची. पण एका तासाला संतोष काहीतरी बोलला आणि ती हसली, तोंडावर हात न धरता. बेन फळ्यावर लिहीत होत्या. त्या वळल्या नाहीत, पण खडू थांबलेला मी पाहिला.

त्याच सुमारास एक दिवस जिजी कॉलेजच्या फाटकाशी आली. हातात डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, बेनसाठी. बेन लोचोची प्लेट टाकून भाकरी खायला बसल्या. जिजी त्यांना म्हणाली, “बेन, तुम्ही नही ऱ्हातात ना, तं आम्हले तठलं दारच सापडतं नही.”

बेननी तो घास खाल्ला आणि हात झटकून उठल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाल्या, “आपल्याला बँक माहीत आहे, पोस्ट माहीत आहे, आरटीओ माहीत आहे. वेळ आल्यावर कुणी दार शोधत फिरायचं का? उद्यापासून थोडे थोडे जण माझ्याबरोबर मनाच्या दवाखान्यापर्यंत चला. आत शिरायचं नाही, कुणाकडे टक लावून बघायचं नाही. कुठलं फाटक, कुठला जिना, कोणत्या वारी काय चालू असतं, एवढं बघायचं. बाहेरच्या बाकावर जरा बसायचं आणि परत यायचं. उद्या तुमच्या शाळेतली एखादी आई रडत आली, तर तिला पत्ता सांगू नका. तिच्याबरोबर चालत जा.”

आम्ही गेलो. पहिल्या खेपेला मुलींनी ओढण्या नाकापर्यंत ओढल्या होत्या. कुणी ओळखीचं भेटलं तर? बाकावर बसलो तर शेजारी एक काका डबा खात होते, एक कॉलेजची मुलगी मोबाईलवर गेम खेळत होती, एक आजी पेंगत होत्या. संतोष कुजबुजला, “बेन, इथं तर सगळी आपल्यासारखीच माणसं हायेत.” बेन म्हणाल्या, “मग तुला काय वाटलं होतं, झाडावर बसलेली असतील?”

मग कुणाच्या तरी वडिलांनी तक्रार केली. आमच्या मुलीला शिक्षिका करायला पाठवलं, वेड्यांच्या दवाखान्यात नव्हे. लग्नाची मुलगी आहे, कुणी पाहिलं तर काय सांगायचं. तक्रार ट्रस्टींपर्यंत गेली. मी वर्गप्रतिनिधी होते, म्हणून मलाही प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनमध्ये बोलावलं.

ट्रस्टी म्हणजे शेठ. साड्यांचे व्यापारी, पांढरे स्वच्छ कपडे, आवाज मऊ. माणूस वाईट नव्हता. दर वर्षी गरीब मुलांची पुस्तकं ते स्वतः आणून द्यायचे. बेन आत आल्या, आणि सवयीप्रमाणे त्यांनी शेठना विचारलं, “झोप लागते का?” सरांनी कपाळाला हात लावला.

“बेन, तमे बहु सारुं भणावो छो,” शेठ म्हणाले. “फार छान शिकवता तुम्ही. पण हे दवाखान्याचं बंद करा. चांगल्या घरच्या शहाण्या मुली आहेत. त्यांचं तिथं काय काम?”

“शेठ, तिथं शहाणीच माणसं जातात. आजार झाला तर डॉक्टरकडे जायचं, एवढं शहाणपण त्यांना असतं.”

“ते बोलायला ठीक. पण समाज काय म्हणतो? तुमच्या ओळखीचं कुणी जातं का तिथं? सांगा.”

“मी जाते,” बेन म्हणाल्या.

“ते मुलींना घेऊन. मी विचारतो...”

“मुलींना घेऊन नाही. माझ्यासाठी. मी तिथली पेशंट आहे, शेठ. मला डिप्रेशनचा आजार आहे. या कॉलेजात नोकरीला लागायच्या आधीपासून. महिन्याच्या महिन्याला जाते, गोळ्या आणते, आणि दुसऱ्या दिवशी इथं येऊन शिकवते.”

सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते, तो त्यांच्या हातून निसटला. माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्याच्या जिन्यावर सगळ्यांच्या पुढे चाललेल्या बेन आल्या, आणि मान डोलावणारी ती सिस्टर.

शेठनी खुर्ची जरा मागे सरकवली. मग हळूच म्हणाले, “असं असताना... शिकवण्याचं काम... म्हणजे, मुलांच्या दृष्टीनं...”

“मी कसं शिकवते ते मला काय विचारता? ही समोर बसलीय, हिला विचारा.”

सगळे माझ्याकडे वळले. मी गुजरातीत सुरुवात केली आणि मराठीत घसरले. “शेठ, बेननी आम्हाला जे शिकवलं ना, त्यामुळं आमच्या वर्गातलं एक माणूस आज जिवंत आहे.”

“कोण?”

“नाव नाही सांगणार.”

“बेटा, मी ट्रस्टी आहे.”

“हो, शेठ. तरी नाही सांगणार.”

सर म्हणाले, “अगं, विचारताहेत ते...” बेन म्हणाल्या, “सर, बरोबर आहे तिचं. हेही मीच शिकवलंय.”

शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. बेनची नोकरी गेली नाही. मला वाटतं, शेठनी त्या दिवशी ठरवलं की ही बाई काढायची नाही. पण त्या वडिलांनाही काहीतरी उत्तर द्यायचं होतं. दोन दिवसांनी बोर्डावर नोटीस लागली. कॉलेजच्या वतीनं कुठल्याही प्रशिक्षणार्थीला दवाखान्यात नेण्यात येणार नाही.

बेन ती नोटीस बघून वर्गात आल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता. मला वाटलं, आता त्या थांबतील. इतकं उघडं केल्यावर थकल्या असतील. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची आता रिकामी राहायला लागली होती, ते आम्हाला दिसत होतं.

“नोटीस वाचली ना सगळ्यांनी?” त्यांनी विचारलं. “ती पाळायची. कॉलेज तुम्हाला नेणार नाही. मीही नेणार नाही.” त्या खुर्चीवर बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत. “आता माझं सांगते. मला एक आजार आहे. नाव डिप्रेशन. तुम्ही इकडून तिकडून ऐकलंच असेल, म्हणून माझ्या तोंडून ऐका. मी गोळ्या घेते. बरी असते. कधी बरी नसते, तेव्हाही इथं येते, कारण इथं आल्यावर जरा बरं वाटतं. बुधवारी माझी तारीख आहे. मी अर्धी रजा टाकलीय. पेशंटबरोबर घरचं माणूस गेलं तर तिथं कुणी हरकत घेत नाही. मला या गावात घरचं कुणी नाही.” त्या थांबल्या. “ज्याला यायचं असेल त्यानं यावं. रजा पडेल. घरी विचारून या. कुणी नाही आलं तरी मी जाणारच आहे, इतकी वर्षं एकटीच जाते.”

बुधवारी सकाळी मी दवाखान्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा संतोष आधीच तिथं होता, धुतलेला शर्ट घालून. मग दोघी भेस्तानहून आल्या. मग कोसाडची रिक्षा आली, तिच्यातून चौघीजणी उतरल्या. सगळा वर्ग आला नाही. ज्यांना घरून सोडलं नाही त्यांचे मेसेज आले. ओढणी कुणी नाकावर घेतली नव्हती. आम्ही लिंबाच्या झाडापाशी उभे होतो तर रूपाली आली, परीला कडेवर घेऊन, आणि तिच्या मागे जिजी. नवं लुगडं नेसलेली.

बेन स्पोर्ट्स शूज घालून भराभर चालत आल्या आणि आम्हाला बघून थबकल्या. काहीतरी खरमरीत बोलतील असं वाटलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि जिना चढायला लागल्या. आम्ही मागे.

वरच्या बाकांवर आम्ही दाटीवाटीनं बसलो. बेनच्या नावाचा पुकारा झाला. दारावरच्या मामांनी आमची फौज बघितली आणि डोळे मोठे केले.

“पेशंट कौन?”

“मैं,” बेन उभ्या राहिल्या.

“और ये सब?”

“मेरे साथ हैं.”

“अरे बेन, ऐसे नहीं चलेगा. पेशंट के साथ एक रिश्तेदार. एक. बाकी सब बाहर.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. संतोष अर्धा उठला, मीही उठले. बेन म्हणाल्या, “बसा रे. मी नेहमीच एकटी जाते.” आणि त्या दाराकडे वळल्या.

तेवढ्यात जिजी उठली. तिनं पदर सारखा केला, सगळ्यांच्या मधून वाट काढत पुढे गेली आणि बेनच्या दंडाला धरलं.

“मी जास,” ती म्हणाली.

“आप कौन लगती हो इनकी?” मामांनी विचारलं.

जिजीला हिंदी कळत होतं, बोलता येत नव्हतं. तिनं ते बोलायचा प्रयत्नही केला नाही.

“बहीन,” ती म्हणाली. “मोठी बहीन शे मी हिनी.”

मामा बाजूला झाले. बेननी हातातला केसपेपर तिच्याकडे दिला. जिजीनं पायानं दार ढकललं, आणि दोघी आत गेल्या.